आधी खोटा वाघ दाखव

टॉर्चचे सेल आणायला निघालेला माणूस घरून खिशात एक मेलेला सेल घेऊन निघतो, असं मी भाऊंच्या आधी पाहिलं नव्हतं. चंद्रपुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी विजेच्या सामानाचं दुकान होतं. दुकानदार नवा सेल छोट्या मीटरवर ठेवायचा, काटा हिरव्या पट्ट्यात गेला की म्हणायचा, "घ्या, फुल हाये." भाऊ खिशातला सेल काढून काउंटरवर ठेवायचे.

"आता याले लाव."

"हा तर मेलेला हाये, भाऊ."

"तुले माहीत हाये, मले माहीत हाये. तुह्या मीटरले माहीत हाये का?"

दुकानदार वैतागून लावायचा. काटा मुकाट्यानं लाल पट्ट्यात पडायचा, गिऱ्हाइकं हसायची, भाऊ पैसे देऊन निघायचे. एकदा मात्र काटा हिरव्यात गेला. मेलेल्या सेलवर! दुकानात कोणी हसलं नाही. भाऊसुद्धा जिंकल्यासारखे दिसले नाहीत. उलट त्यांचा चेहरा असा उतरला की दुकानदारानंच त्यांना स्टूल दिलं.

हा किस्सा मी घरी इतक्यांदा सांगितला आहे की स्टुलाचं वाक्य आता माझी बायको स्वयंपाकघरातून म्हणते. पुढचं मात्र मी घरी नेहमी थोडं बदलून सांगत आलो. ते न बदलता सांगायचं म्हणून लिहायला बसलोय.

भाऊ माझे घरमालक आणि सहकारीही. ते आणि त्यांच्या पत्नी, बाई, खाली राहायचे, मी माझ्या बिऱ्हाडासह वर. त्यांना थर्मामीटर दिला तर ते आधी चहात बुडवणार, मग काखेत धरणार. डॉक्टरांनी बीपी मोजलं की दवाखान्याबाहेर दोन चकरा पळून येणार आणि म्हणणार, "आता मोजा. वाढलं नसन तर मशीन खराब हाये." घरातल्या प्रत्येक हिरव्या दिव्यावर त्यांनी काळी पट्टी चिकटवली होती. इन्व्हर्टर, स्टॅबिलायझर, टीव्हीची डबी, सगळं आंधळं. मी विचारलं तर म्हणाले, "हिरवा दिवा म्हंजे दिव्याले वीज भेटून राह्यली, एवढंच. बाकी सगळं आपण मनानं जोडतो."

बाईंना या पट्ट्यांचा फार राग होता. "माह्या जावयाले वाटते आमच्या घरी सारं बंदच हाये," म्हणायच्या.

भाऊ घुग्घुसकडच्या एका कोळशाच्या खाणीत होते. जमिनीखाली गॅस जमला की सांगणाऱ्या यंत्रांची देखभाल त्यांच्याकडे होती. प्रत्येक पाळी खाली उतरण्याआधी त्या यंत्रांना बाटलीतला थोडा गॅस मुद्दाम हुंगवायचा, काटा हलला तरच सही करायची, असा नियम होता. एका दिवशी भाऊ रजेवर होते आणि दुसऱ्या कोणी हुंगवल्याशिवाय सही केली. पुढं काय झालं ते भाऊंनी मला कधीही सांगितलं नाही. एकदाच, बाई घरात नाहीत असं पाहून म्हणाले, "काटा शून्यावर होता. शून्यावरच राह्यला." आणि उठून बागेतल्या झाडांना पाणी घालायला लागले. पाऊस पडत होता तरी.

मी वाघाच्या कामात कसा आलो हे सांगण्यासारखं नाही. मला मांजर आडवं आलं तरी घाम फुटतो. आमची एक छोटी संस्था होती आणि जंगलाला लागून असलेल्या गावांत आम्ही खांबांवर डब्या बसवायचो. डबीत कॅमेरा आणि हातात मावेल एवढा कॉम्प्युटर. वाघ दिसला की त्यातला प्रोग्राम ओळखणार आणि भोंगा वाजणार. सगळं ठीक असेल तर हिरवा दिवा. तो दिवा ठेवायला भाऊंचा कडाडून विरोध होता, पण गावांनी मागितला. माझं काम खांब पुरणं, सरपंचांच्या सह्या घेणं आणि अहवालात 'कार्यवाही पूर्ण' लिहिणं. भाऊंनी निवृत्तीनंतर, साठीला टेकताना, कॉम्प्युटर स्वतः शिकून घेतला होता. डबीच्या आत काय चालतं ते फक्त त्यांनाच कळायचं. मला ते 'साहेब' म्हणायचे. अहवाल लिहितो म्हणून. तो मान नव्हता.

डबी बसवली की भाऊंचा नियम एकच होता. आधी खोटा वाघ दाखव. त्यासाठी त्यांनी बाजारातून वाघाच्या पट्ट्यांची एक जाडजूड चादर आणली होती. ती पांघरून कुणीतरी कॅमेऱ्यासमोरून रांगत जायचं, भोंगा वाजला तरच डबी पास. हे कुणीतरी म्हणजे मी.

मूल गावाच्या पलीकडे माझ्या थोरल्या बहिणीचं, ताईचं, सासर आहे. तिथं पाण्याच्या टाकीजवळ डबी लावली, कारण त्या गावात मोबाइलचं नेटवर्क टाकीखालीच येतं. तिथंही मी रांगलो. पोट जमिनीला लागत होतं. अख्खं गाव जमलेलं. भोंगा वाजला तेव्हा ताईचा दीर ओरडला, "वयनी, तुह्या माहेरचा वाघ गाभण दिसून राह्यला!" बायका पदर तोंडात धरून हसल्या. ताईसुद्धा. मी हसून साजरं केलं, पण मनात ठरवून टाकलं की या गावात पुन्हा रांगायचं नाही, आणि कुणाला रांगायलाही सांगायचं नाही, म्हणजे तो विषय पुन्हा निघणार नाही.

आता डब्यांचा आजार सांगतो. आठ-पंधरा दिवसांनी एखादी डबी आतून अडकायची. प्रोग्राम जागच्या जागी थिजायचा, पण हिरवा दिवा जळतच राहायचा, कारण त्याचा प्रोग्रामशी संबंधच नव्हता. बंद करून चालू केली की चालायची. पण बंद केली की ती का अडकली होती त्याचा सगळा पुरावा पुसला जायचा. म्हणून भाऊंना एक डबी अडकलेल्या अवस्थेत, तशीच, तपासायची होती.

त्याला लागतं डिबगर नावाचं हत्यार. अडकलेल्या प्रोग्रामला न हलवता ते सांगतं की हा अमुक ओळीवर उभा आहे, तमुक गोष्टीची वाट पाहतोय. भाऊंनी निवडलेला डिबगर देशोदेशीची माणसं मिळून फुकट बनवत होती. त्याचा सगळा कोड उघडा, कुणीही वाचावा, सुधारावा. अडचण एकच होती. त्याची बांधणी कशी करायची याच्या सूचना ज्यांनी लिहिल्या त्यांनी धरूनच टाकलं होतं की ज्या कॉम्प्युटरवर बांधलं त्याच्यावरच हे चालणार. आमची डबी वेगळ्या जातीची. लॅपटॉपची यंत्रभाषा तिला कळत नाही आणि स्वतःचं हत्यार स्वतः बांधायची तिच्यात ताकद नाही. भाऊंनी एकदा तिच्यावरच बांधून पाहिलं, तर ती इतकी तापली की बाईंनी तिच्यावर ओला फडका टाकला आणि ती मेली. तेव्हा चंद्रपुरात लॅपटॉपवर बांधायचं, पण डबीच्या भाषेत बांधायचं, आणि मग नेटवर्कवरून तिकडे पाठवायचं, अशी सोय त्या बांधणीच्या सूचनांत घालणं भाग होतं. याला क्रॉस-कंपायलेशन म्हणतात. बाई शेजारणीला सांगायच्या, "काही विचारू नको बाप्पा. इथी जेवाचं अन् तिथी पोट भराचं, असं काहीतरी करून राह्यले."

सगळा हिवाळा भाऊ त्यात होते. पुटपुटत जेवायचे. "कुठी बांधून राह्यलो, अन् कुठी चालनार हाये..." मधेच घास थांबवून मला विचारायचे, "साहेब, हे प्रत्येक ओळीले विचारा लागते. तू इथली का तिथली? एकही ओळ न विचारता सुटली का मेलो आपण." मी वरण ओढत मान हलवायचो.

होळी झाली. मोहाची फुलं पडायला लागली. मोह वेचायला बायका तांबडं फुटायच्या आत निघतात, कारण उशीर झाला की हरणं, अस्वलं आधी पोचतात. वाकून वेचणारी बाई वाघाला बाई वाटत नाही, जनावर वाटते, हे तिकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं. ताईच्या गावच्या सात बायका एकत्र जायच्या आणि जाण्याआधी टाकीजवळ हिरवा दिवा पाहायच्या.

नेमकं त्याच दिवसांत ताईच्या गावच्या डबीकडून येणारे रोजचे निरोप अनियमित झाले. डबी तपासून होईपर्यंत बायकांना थांबव, असं आम्ही ताईला कळवलं. भाऊंचं हत्यार तोवर बांधून तयार होतं, पहिल्यांदाच, एकाही कुरकुरीशिवाय. एका संध्याकाळी त्यांनी ते डबीवर पाठवलं आणि चालवलं. हत्यार म्हणालं, प्रोग्राम ठणठणीत आहे, एकामागून एक चित्र पाहतोय.

मी टाळीच वाजवली. "झालं म्हणजे!"

भाऊ पडद्याकडे पाहत राहिले. "डबीनं बरं हाये म्हटलं नाई, साहेब. हत्यारानं म्हटलं. हत्यार कालच जन्मलं. मी या टेबलावरच्या डबीत मुद्दाम एक चूक घालतो, तिले मले माहीत असलेल्या ओळीवर अडकवतो, अन् मग हत्याराले विचारतो. बरोबर ओळ सांगतली तर मानू. तवरिक तुह्या ताईले सांग, उद्या नका जाऊ म्हणा. नाईतर कोनाले चादर पांघरून रांगाले लाव अन् भोंगा वाजते का पाहा."

चादर ताईच्याच घरी होती. मी वर आलो तर ताईचाच फोन.

"बाबू, दोन दिवस झाले बसून. बाया विचारून राह्यल्या. मोह सारा हरनं खाऊन राह्यले. डबी पाहिली का तुम्ही? जाऊ का उद्या?"

तिच्या मागं दिराचा आवाज होता. हसत होता. कशाला हसत होता देव जाणे, पण मला वाटलं मलाच. रांगायचं कसं सांगणार? आणि हत्यारानं तर ठणठणीत म्हटलं होतं. 'उद्या नको' म्हणायला कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण मला नीट समजलंच नव्हतं.

"झालं ताई," मी म्हणालो. "पाहिली. जा."

खाली भाऊंनी विचारलं नाही. मी सांगितलं असणार असं त्यांनी धरलं. आयुष्यात त्यांनी न तपासता धरलेली ती एकच गोष्ट असेल.

पहाटे साडेपाचला दार वाजलं. भाऊ बनियनवर, हातात उघडा लॅपटॉप.

"हत्यार खोटं बोलते. मी अडकवलं एका ओळीवर, ते सांगते ठणठणीत. बांधणीच्या मधात एक बारका प्रोग्राम चालते, मेमरीतला एक पत्ता ठेवाले किती जागा लागते ते मोजाले. तो इथीच, लॅपटॉपवर चालून गेला. लॅपटॉपनं सांगतलं आठ बाइट. डबीत चारच लागते. ती ओळ माह्या हातून सुटली. आठ-आठच्या उड्या मारत ते दर दुसरं घर गाळून राह्यलं, अन् भलत्याच घरची खुशाली सांगून राह्यलं." मग श्वास घेऊन म्हणाले, "म्हंजे तिथली डबी आंधळी असन. बरं झालं, ताईले नको म्हटलं."

 माझ्या मागं बायको उठून बसली.

"साहेब?"

"मी जा म्हटलं."

 भाऊ तिथंच माझ्या उंबऱ्यावर बसले आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. मी ताईला फोन लावला. तो लागणार नव्हताच, ती टाकीखाली असेल तरच लागतो.

डबीचा प्रोग्राम अडकला तरी कॅमेरा आपला मिनिटाला एक फोटो साठवत असतो. फक्त तो पाहायला आत कुणी नसतं. भाऊ ते फोटो एकेक मागवून उघडत गेले. रिकामा रस्ता. रिकामा रस्ता. मग टाकीच्या खालून, हिरव्या दिव्याच्या उजेडात, आडवा, सावकाश चालणारा वाघ. तोंड मोहाच्या बाजूला. भोंगा वाजायला हवा होता तो हा क्षण.

पुढं वीसएक फोटो रिकामे. आणि मग सात बायका. डोक्यावर टोपल्या, पुढं ताई, हातात टॉर्च. एकीनं मान वर करून दिव्याकडे पाहिलेलं. त्याच वाटेनं, त्याच बाजूला.

 मी त्यांच्या शेजारी बसलो. म्हणालो, "भोंगा वाजवा ना भाऊ! वाजवा!"

भाऊंचा हात थांबला होता. "वाजवला अन् त्या घाबरून पळाल्या तर? पळत्याच्या मागं लागते ते."

"मग?"

"गावाले काय शिकवलं होतं आपण? भोंगा वाजला अन् बाहेर असले तर?"

"एका जागी यायचं, पळायचं नाही, टोपल्या बडवायच्या." हे मीच शिकवलं होतं. सरपंचांची सही घेतली होती. एकाही माणसानं लक्ष दिलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

भाऊंनी डबी बंद करून चालू केली. एवढे दिवस जपलेला पुरावा पुसून टाकला. मग इथून भोंग्याचा हुकूम सोडला. चंद्रपुरात काहीच ऐकू आलं नाही. पडद्यावर एक ओळ आली, 'भोंगा चालू', बस. तिकडे तो वाजत होता की नाही, हे सांगणारं तेही एक यंत्रच होतं.

मग मिनिटाला एक फोटो. तुम्ही एका मिनिटाची कधी वाट पाहिली नसेल. मी पाहिली आहे. रिकामा रस्ता. भाऊंच्या कपाळावरून घाम लॅपटॉपवर पडत होता. रिकामा रस्ता. बाई खालून वर आल्या, काही न विचारता जिन्यात उभ्या राहिल्या. रिकामा रस्ता. एक कुत्रं. रिकामा रस्ता. मी देवाचं नाव घेत होतो की दिराला शिव्या देत होतो ते मला सांगता येणार नाही.

मग एका फोटोत, दूर, एक घोळका. टोपल्या हातात, डोक्यावर नाहीत. मी मोजल्या. सहा. पुन्हा मोजल्या. सहा. भाऊंनीही मोजल्या असणार, कारण त्यांनी डोळे मिटले.

पुढचा फोटो यायला जो वेळ लागला त्याबद्दल मी काही लिहू शकत नाही. तो आला तेव्हा त्यात सातवी होती, सगळ्यांच्या मागं, उलट्या पावलांनी चालणारी, तोंड जंगलाकडे, टोपली बडवत. लुगड्यावरून ओळखली. ताई.

दोन मिनिटांत फोन वाजला.

"बाबू," ताईला धाप लागली होती. "होता तो. दहा हातावर. सुमनच्या मागंच. भोंगा वाजला तशा साऱ्या एका जागी आलो, टोपल्या बडवल्या, तो पाहत राह्यला, पाहत राह्यला, मंग उठून गेला. पन भोंगा इतक्या उशिरा काऊन वाजला रे? दिवा तं हिरवा होता!"

माझ्याकडून फोन भाऊंनी घेतला.

"बाई, जयभीम. चूक माही हाये. डबी आंधळी होती. माह्यं हत्यार खोटं बोललं. मले माफ करा."

मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. मला फक्त हात पुढं करून फोन परत घ्यायचा होता आणि 'भाऊंनी नको म्हटलं होतं' एवढं म्हणायचं होतं. मी हात पुढं केला नाही. घरी मुलांना सांगताना मी इथं नेहमी म्हणत आलो, 'हत्यारानं फसवलं बघा!' मुलं भाऊंच्या टोपलीभर करामतींवर हसतात आणि मी त्यांच्यात हसतो.

भाऊंनी मला या गोष्टीची कधी आठवण करून दिली नाही. त्यांनी ती एक ओळ दुरुस्त केली. पुढं दुसऱ्या एका डबीत नव्या हत्यारानं खरा दोष सापडलाही. कॅमेऱ्याकडून एखादं चित्र अर्धंच आलं की प्रोग्राम उरलेल्या अर्ध्याची जन्मभर वाट पाहत बसायचा. मग भाऊंनी आपली सगळी दुरुस्ती त्या डिबगरच्या मंडळींकडे पाठवली. त्यात एक अट घातली होती. जिथं चालायचं तिथलं माप माहीत नसेल तर अंदाज करू नका, बांधणी तिथंच थांबवा. तिकडून कुणी तरी लिहिलं की लोक चिडतील, आठ धरून चाला, बहुतेकांचं आठच असतं. भाऊंनी उत्तरात लिहिलं, 'चिडू द्या.' तीन आठवडे वाद चालला. शेवटी त्या मंडळींनी ते जसंच्या तसं घेतलं. भाऊंना आनंद झाला का, ते कळलं नाही. त्या दिवशी त्यांनी ती बांधणी सोळा वेळा मुद्दाम चुकीची चालवून पाहिली, दर वेळी थांबते का म्हणून.

भाऊ गेले त्याला आता वर्ष होईल. शेवटी दवाखान्यात बोटाला चिमटा लावला होता, त्यावर हिरवा आकडा. मी गेलो तेव्हा चिमटा काढून माझ्या बोटाला लावत होते. नर्स ओरडत होती.

यंदा महाशिवरात्रीला ताई मार्कंड्याच्या जत्रेला आली होती. दर्शन झाल्यावर आम्ही दोघं वैनगंगेच्या वाळूत बसलो. ती पोरांसाठी घेतलेल्या फुटाण्यांची पुडी सोडून खात होती. मी ठरवून आलो होतो. तरी तिची अर्धी पुडी संपल्यावरच बोललो.

"ताई, त्या दिवशी भाऊंनी नको म्हटलं होतं. जा मी म्हटलं. माझ्या मनानं."

ती फुटाणे निवडत राहिली. "मले माहीत हाये."

"कोणी सांगितलं?"

"कोनं काऊन सांगावं? तो मानूस फोनवर म्हने चूक माही. अन् तू बाजूले होता अन् चूप होता. तू चूप कधी राह्यते रे?"

मला हसूही आलं आणि रडूही. "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

ताईनं पुडीचा कागद झटकला. नदीपलीकडे पाहत म्हणाली, "कोनाले बोलू? त्या सहा जनी अजूनबी दिवा पाहून जात नाईत, बाबू. मले विचारून जातेत. 'तुहा चंद्रपूरवाला काय म्हनते?' मंगच टोपली उचलतेत. मी त्याईले सांगू का, का माहा सख्खा भाऊ लाजला म्हनून तुम्ही मरून राह्यल्या होत्या? मंग पुढच्या वेळी त्याईनं कोनाले विचाराचं?"

मी वाळूत बोटानं रेघा ओढत राहिलो.

"सुमन कालच विचारून राह्यली होती," ताई म्हणाली. "यंदा मोह लवकर हाये म्हनते."